बंगळुरू-पुणे सोडून नाशिकला यायचंय? मग या क्रमानं या

गेल्या वर्षभरात मला आलेल्या फोनांचा सूर एकच आहे. कुणी मारतहळ्ळीला राहतं, कुणी वाकडला, कुणी पवईला. पगार बरा आहे, पण भाडं झेपत नाही, मुलांच्या शाळेची फी ऐकून पोटात गोळा येतो आणि रोजचे तीन तास रस्त्यात जातात. मग हळूच विचारतात, "ताई, तुम्ही नाशिकला कशा गेलात? आम्ही येऊ का?"

मी हिंजवडीत तीन वर्षं आणि नंतर बंगळुरूत आठ वर्षं नोकरी केली. जून २०२२ पासून नाशिकला आहे. माहेर सिन्नरचं असल्यामुळे मला हे शहर परकं नव्हतं, तरी इथं घर लावताना मी पुष्कळ चुका केल्या. फोनवर प्रत्येकाला अर्धंमुर्धं सांगण्यापेक्षा सगळं एकदा नीट लिहून काढते.

महागड्या आयटी शहरांमधून बाहेर पडण्याचं वारं जगभर आहे. डिसेंबर २०२० मध्ये ह्यूलेट पॅकार्ड एंटरप्राइझ आणि ओरॅकल या दोन जुन्या कंपन्यांनी सिलिकॉन व्हॅलीतून मुख्यालय टेक्सासला नेत असल्याचं जाहीर केलं. पुढच्या वर्षी टेस्ला गेली. आपल्याकडे सप्टेंबर २०२५ मध्ये ट्रकवाहतुकीचं ऑनलाइन काम करणाऱ्या ब्लॅकबक कंपनीच्या प्रमुखांनी बंगळुरूच्या आउटर रिंग रोडवरचे खड्डे आणि दीड-दीड तासाचा प्रवास यांना कंटाळून बेलंदूरचं ऑफिस सोडत असल्याचं जाहीरपणे लिहिलं. त्याआधी जुलैत तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार पहाटे हिंजवडीची पाहणी करायला गेले असताना, इथलं आयटी पार्क बाहेर चाललंय, असं त्रासून बोलले होते. झोहो या सॉफ्टवेअर कंपनीचे संस्थापक श्रीधर वेंबू तर २०१९ मध्येच तामिळनाडूतल्या तेनकाशीजवळच्या खेड्यात राहायला गेले आणि तिथून कंपनी चालवू लागले.

ही उदाहरणं ऐकून उत्साह येतो. पण एक फरक सुरुवातीलाच लक्षात घ्या. कंपनी हलते तेव्हा काम बरोबर घेऊन जाते. आपण एकटे हललो तर काम मागेच राहतं. नाशिक तुम्हाला परवडणारं घर देईल, मोकळी हवा देईल, संध्याकाळ परत देईल. तुमच्या आजच्या पगाराची नोकरी देईलच, असं मात्र नाही. म्हणून काम बरोबर घेऊन या. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच एका गोष्टीवर उभ्या आहेत.

पहिली पायरी: कंपनीचा कागद

घर शोधायच्या आधी एचआरकडून पत्र घ्या. मॅनेजरनं चहा पिताना दिलेला शब्द, चॅटवरचा अंगठा किंवा "आपल्या टीमला कुणी विचारत नाही" हे आश्वासन, यांतलं काहीही पत्र नव्हे. पत्रात तुमचं कामाचं ठिकाण काय लिहिलंय, महिन्यातून किती दिवस ऑफिसला यायचंय, आणि ही मुभा काढून घ्यायची झाली तर किती दिवस आधी सांगतील, एवढं स्पष्ट हवं. टीसीएसनं ऑक्टोबर २०२३ पासून सगळ्यांना आठवड्याचे पाच दिवस ऑफिसला बोलावलं. इन्फोसिसनं मार्च २०२५ पासून महिन्यातले किमान दहा दिवस हजेरी लावायला सांगितली. मोठ्या कंपन्यांची धोरणं दोन वर्षांत अशी फिरली आहेत, तर तुमच्या टीमचा तोंडी नियम किती टिकेल?

माझ्या ओळखीच्या एका मुलानं पाथर्डी फाट्याला फ्लॅट घेतला, बायकोनं तिकडची नोकरी सोडली, मुलीला पहिलीत घातलं. पाचव्या महिन्यात मॅनेजर बदलला आणि आठवड्याचे तीन दिवस ऑफिसचे झाले. शाळेचं वर्ष संपेपर्यंत तो रविवारी रात्रीची बस धरून जायचा आणि बुधवारी रात्री परत यायचा. मे महिन्यात सगळं बिऱ्हाड परत गेलं. त्याच्याकडे कागद असता तर मुदत मागता आली असती. त्याच्याकडे फक्त जुन्या मॅनेजरचा शब्द होता, आणि तो मॅनेजर दुसऱ्या कंपनीत गेला होता.

पगाराचंही विचारा. गाव बदललं की पगार कमी करण्याची पद्धत फेसबुकनं मे २०२० मध्येच उघडपणे जाहीर केली होती, आणि आता आपल्याकडेही काही ठिकाणी पुढची वाढ ठरवताना तुम्ही कुठं राहता हे बघतात. आणखी एक गोष्ट हमखास राहून जाते. कंपनीच्या आरोग्यविम्याच्या यादीत नाशिकची कोणती रुग्णालयं आहेत, ते आत्ताच काढून ठेवा. आई-वडील बरोबर येणार असतील तर हे भाड्याइतकंच महत्त्वाचं आहे.

दुसरी पायरी: वहीत हिशोब

बंगळुरूत आमच्या दोन बीएचकेचं भाडं बेचाळीस हजार होतं, मेंटेनन्स वेगळा. नाशिकला इंदिरानगरमध्ये तेवढ्याच घराला अठरा हजार देते. अनामत तिकडे दहा महिन्यांची दिली होती, इथं तीन महिन्यांच्या आत भागलं. हे आकडे माझ्या घराचे आहेत, कॉलेज रोडला तुम्हाला वेगळे ऐकायला मिळतील.

पण भाड्यातला फरक म्हणजे बचत असं धरू नका. कर्जाचा हप्ता गाव बदलल्यानं कमी होत नाही. पेट्रोल, मोबाईल, ऑनलाइन खरेदी सगळीकडे सारखीच. इथं दारासमोर मेट्रो नाही, त्यामुळे घरात एक दुचाकी असेल तर दुसरी घ्यावी लागते. इन्व्हर्टर, दोन इंटरनेट जोडण्या, महिन्याच्या पुणे-मुंबई फेऱ्या हे सगळे नवे खर्च. आधीच्या शहरात एचआरएची, म्हणजे घरभाडे भत्त्याची, करसवलत घेत असाल तर तीही तपासा. नव्या करपद्धतीत ती मुळात नाहीच, आणि जुन्या पद्धतीत भाडं घटलं की सवलतही घटते.

उरलेल्या पैशातून पहिल्यांदा सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला काढा. बंगळुरूत नोकरी गेली तर समोरच्याच रस्त्यावर दहा कंपन्या असतात. नाशिकला तसं नाही. ईएसडीएससारखी सातपूरची डेटा सेंटर कंपनी आहे, विनजित आहे, डब्ल्यूएनएस आणि डेटामॅटिक्स यांची केंद्रं आहेत, लहान-लहान कंपन्याही बऱ्याच आहेत, आणि त्यांत चांगलं काम होतं. तरी दहा-बारा वर्षांच्या अनुभवाची जागा महिन्याभरात मिळेल, असा भरवसा मी कुणाला देणार नाही.

पहिलं वर्षभर फ्लॅट विकत घेऊ नका. साइट ऑफिसमध्ये तुम्हाला "कुंभाच्या आधी घ्या, नंतर हा भाव राहणार नाही" असं सांगतील. ज्यांना घ्यायचं त्यांना घेऊ द्या. वर्षभर भाड्यानं राहिल्याशिवाय आपल्याला कोणता भाग मानवतो हे कळत नाही, आणि पहिल्या वर्षात परत जावं लागण्याची शक्यता सगळ्यांत जास्त असते.

तिसरी पायरी: दोन महिने राहून बघा

शनिवार-रविवारी येऊन वायनरी बघितली, चुलीवरची मिसळ खाल्ली आणि सोमवारी परत गेलात, तर नाशिक बघितलंच नाही. मधल्या वारी या. एक महिना उन्हाळ्यातला आणि एक पावसाळ्यातला असा धरलात तर उत्तम. एप्रिल-मेमध्ये दुपारी पारा चाळिशीला जातो, पण रात्री गार होतं. थंडी मात्र खरी थंडी असते, निफाडकडचे आकडे दर डिसेंबर-जानेवारीत पेपरात छापून येतात. या दोन महिन्यांत सुट्टी घेऊ नका, नेहमीसारखं काम करा. मीटिंगच्या वेळी वीज, नेट, शेजारचा भोंगा, सगळं कसं असतं ते तेव्हाच कळतं.

चौथी पायरी: कोणता भाग

नाशिककर जुन्या शहराला नुसतं "गावात" म्हणतात आणि गोदावरीला "गंगा". "गंगेवर चाललोय" म्हणजे गोदाघाटावर. हे कळलं की पत्ते विचारणं सोपं जातं.

भाग निवडताना तुमचं ऑफिस कोणत्या शहरात आहे यावरून सुरुवात करा. मुंबईशी काम असेल तर पाथर्डी फाटा, इंदिरानगर, गोविंदनगर, मुंबई नाका हा पट्टा सोयीचा, कारण महामार्ग पायाशी आहे. मी इंदिरानगर निवडलं ते त्यासाठीच. पहाटे निघालं की गावातल्या एकाही सिग्नलला थांबावं लागत नाही. पुण्याला वरचेवर जायचं असेल तर नाशिक रोड, जेल रोड आणि उपनगर याच नावाचा भाग बघा. पुणे रस्ताही तिथूनच आणि रेल्वे स्टेशनही. स्टेशन मूळ शहरापासून आठ-नऊ किलोमीटर लांब आहे, हे बाहेरच्या माणसाला ठाऊक नसतं. गंगापूर रोडला राहून सकाळी सातची गाडी धरायची म्हणजे सहाच्या आत घर सोडायचं.

गंगापूर रोड, कॉलेज रोड, महात्मानगर हा शहरातला महाग भाग. कॉलेजं, दवाखाने, हॉटेलं, पुस्तकांची दुकानं हाताशी आहेत, आणि आनंदवल्ली-सोमेश्वरच्या बाजूला सकाळी चालायला जागा आहे. पैसे पुरत असतील आणि प्रवास कमी असेल तर इथं राहण्यात खरं सुख आहे. मात्र संध्याकाळी कॉलेज रोडला गाडी लावायला जागा मिळत नाही.

सिडको आणि सातपूर हे कामगारवस्तीचे भाग. घरं लहान, गल्ल्या अरुंद, पण दुकानं, भाजी, दवाखाना सगळं चालत जाण्याइतकं जवळ, आणि शेजार चांगला. एकट्यानं किंवा दोघांनी राहायचं असेल आणि खर्च कमी ठेवायचा असेल तर हे भाग वगळू नका. आयटीवाले तिकडे फिरकत नाहीत याचं मला वाईट वाटतं. म्हसरूळ, मखमलाबाद, आडगावकडे नव्या इमारती भराभर झाल्या आहेत. तिथं जागा मोठी मिळते, पण पाणी आणि रस्ता प्रत्येक इमारतीगणिक वेगळा. आडगावहून ओझरचं विमानतळ जवळ पडतं. देवळाली कॅम्प शांत आहे, जुने बंगले आणि मोठी झाडं, ज्यांना गर्दी नकोच त्यांच्यासाठी.

पंचवटीबद्दल वेगळं सांगते. गंगा, रामकुंड, काळाराम, बुधवारचा बाजार, हे सगळं दारात हवं असेल तर पंचवटीला तोड नाही. पण सिंहस्थाच्या, म्हणजे नाशिकच्या कुंभमेळ्याच्या, पर्वणीला (मुख्य स्नानाच्या दिवशी) तिथून बाहेर पडणं आणि परत येणं दोन्ही कठीण असतं. त्याबद्दल शेवटी.

पाचवी पायरी: घर बघायला सकाळी जा

घर बघायला पाणी येतं त्या वेळी जा. माझ्या घरमालक काकांनी मला फोनवर सांगितलं होतं, "सकाळी साडेसहाला या, तेव्हाच काय ते दिसेल." गेले तर काका लुंगीवर, हातात रिकामी बादली घेऊन स्वयंपाकघरात उभे. नळ सोडला आणि माझ्याकडे बघत म्हणाले, "मोजा." मी मोबाईलमध्ये वेळ लावली. पंचेचाळीस सेकंदांत बादली भरली. मग त्यांनी मला गच्चीवर नेऊन टाकीचं झाकण उचलून दाखवलं, बोअरचं पाणी कोणत्या नळाला आणि महापालिकेचं कोणत्या, ते सांगितलं, आणि खाली येऊन चहा दिला. याच्या आदल्या दिवशी मी संध्याकाळी तीन चकचकीत फ्लॅट बघितले होते. त्यांतल्या दोघांना उन्हाळ्यात टँकर लागतो, हे मला नंतर वॉचमनकडून कळलं.

शहराचं बरंचसं पाणी गंगापूर धरणातून येतं, शिवाय मुकणे आणि दारणा धरणांतूनही. एकूणात नाशिकची स्थिती चांगली आहे. मार्च २०२४ मध्ये बंगळुरूत बोअर कोरडे पडून लोक टँकरमागे धावत होते, तसं इथं मी बघितलेलं नाही. पण शहराच्या कडेला जलवाहिनी पोचायच्या आधी इमारती पोचल्या आहेत. म्हणून सोसायटीच्या सचिवांना थेट विचारा: एप्रिल-मेमध्ये टँकर येतात का, आणि त्याचे पैसे मेंटेनन्समध्ये धरलेत की वर द्यायचे?

मग इंटरनेट. त्या इमारतीत कोणत्या कंपनीची फायबर आहे हे शेजाऱ्याला विचारा, कंपनीच्या दुकानात नको. दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या जोडण्या घ्या, आणि दोघींची केबल एकाच खांबावरून येत नाही ना, ते खाली उतरून बघा. माझ्याकडे दोन जोडण्या होत्या. पहिल्याच श्रावणात झाडाची फांदी पडली आणि दोन्ही एकदमच गेल्या, कारण दोन्ही त्याच फांदीखालून आल्या होत्या. रात्री साडेनऊला प्रॉडक्शनवर नवं रिलीज चढवायचं होतं. मी लॅपटॉप, चार्जर आणि छत्री घेऊन दोन इमारती पलीकडच्या काकूंकडे गेले, त्यांच्या देवघराशेजारी बसून काम उरकलं. काकू अकरापर्यंत जाग्या राहिल्या, मध्ये दूध आणून ठेवलं. दुसऱ्या दिवशी मी एक जोडणी बदलून मागच्या रस्त्यावरून घेतली.

वीज देखभालीसाठी अधूनमधून सकाळपासून दुपारपर्यंत बंद असते, आणि पावसाळ्यात न सांगता जाते. राउटर आणि लॅपटॉप चार तास तरी चालतील एवढा इन्व्हर्टर हवाच. घरमालकाकडे असला तर त्याची बॅटरी किती जुनी आहे ते विचारा. आणि खोलीत उभं राहून मोबाईलची रेंज बघा, कारण शेवटी हॉटस्पॉटवरच वेळ निभावते.

सहावी पायरी: भाडेकरार

कराराची नोंदणी करा. "अकरा महिन्यांचा आहे, नोटरी पुरे" असं बरेच एजंट सांगतात. ते चूक आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, मग तो अकरा महिन्यांचा का असेना. नोंदणीची जबाबदारी कायद्यानं घरमालकावर आहे. नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर अटींबाबत भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं. हे शांतपणे सांगितलं की मालक लगेच तयार होतात.

खर्चही फार नाही. मुद्रांक शुल्क एकूण भाडं अधिक अनामतीवरचं वार्षिक दहा टक्के मानीव व्याज, यांच्या पाव टक्का. अठरा हजारांचं भाडं, पन्नास हजार अनामत आणि अकरा महिने धरले तर साधारण पाचशे रुपये. शहरात नोंदणी फी हजार रुपये. नोंदणी ऑनलाइन होते. एजंट घरी येऊन अंगठे घेऊन जातो, त्याची फी वेगळी. भाडेकरूची माहिती पोलिसांकडेही द्यायची असते, तीही ऑनलाइन देता येते. हा नोंदणीकृत करारच पुढं गॅस, बँक, आधार, शाळा सगळीकडे पत्त्याचा पुरावा म्हणून चालतो, म्हणून त्याच्या दोन-चार प्रती जवळ ठेवा.

सातवी पायरी: गाडी आणि बाकी कागद

पुण्या-मुंबईहून येत असाल तर गाडीचा नंबर बदलायची गरज नाही, फक्त तीस दिवसांत आरटीओला नवा पत्ता कळवायचा. कर्नाटकाची गाडी असेल तर बारा महिन्यांहून जास्त इथं ठेवायची झाल्यास नव्यानं नोंदणी करून एमएच १५ घ्यावा लागतो. त्यासाठी तिकडच्या आरटीओकडून ना-हरकत दाखला आणावा लागतो, फॉर्म २८ भरून. तो बंगळुरू सोडायच्या आधीच काढा. मी इथं आल्यावर काढायला घेतला आणि एका कागदासाठी दोनदा जावं लागलं. इकडचा रस्ता कर भरल्यावर तिकडच्या उरलेल्या वर्षांचा परतावा मागता येतो, तो अर्ज विसरू नका. नाशिकचं आरटीओ पेठ रोडला आहे. तुमच्या कंपनीची चार किंवा जास्त राज्यांत ऑफिसं असतील तर नवी गाडी घेताना बीएच मालिकेचा नंबर मागता येतो, म्हणजे पुढं परत हलायची वेळ आली तरी ही कटकट नाही.

मतदारयादीतलं नाव फॉर्म ८ भरून इकडे आणा. आपण शहराबद्दल तक्रारी करतो आणि मत मात्र जुन्याच पत्त्यावर पडून असतं, हे मला पटत नाही.

आठवी पायरी: जाणं-येणं

मुंबईला पंचवटी एक्सप्रेस. नाशिक रोडहून सकाळी सातच्या सुमारास निघते, संध्याकाळी परत आणते. तिच्यात वर्षानुवर्षं पासधारक जातात, त्यांच्या डब्यात बसायचे आपले नियम आहेत, ते आधी समजून घ्या आणि पाळा. शिर्डीची वंदे भारतही नाशिक रोडला थांबते. गाडीनं जायचं तर ५ जून २०२५ ला समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाल्यापासून कसारा घाट टाळता येतो. दुचाकी मात्र समृद्धीवर चालत नाही. आणि आमण्याच्या पुढं भिवंडी-ठाण्याची कोंडी आहे तशीच आहे, तो वेळ धरूनच मीटिंगची वेळ द्या.

पुण्याचं दुखणं वेगळं. अंतर दोनशे दहा किलोमीटरच्या आसपास, पण चाकणला अडकलात की सगळं गणित बिघडतं. सोयीची थेट रेल्वे नाही, सेमी हायस्पीडची चर्चा वर्षानुवर्षं ऐकतोय. सिन्नर, संगमनेर, नारायणगाव, चाकण असा रस्ता. मी महिन्यातून दोनदा जाते. ठक्कर बाजार बसस्थानकावरून पहाटेची बस पकडते, नारायणगावला चहा होतो आणि दहाच्या पुढं ऑफिसला पोचते. रोजची ये-जा करायचा विचारही करू नका. दहा दिवसांची हजेरी असेल तर सलग पाच दिवसांचे दोन मुक्काम करा, पुण्यात एखादी पेइंग गेस्टची खाट धरून ठेवा, आणि त्याचा खर्च दुसऱ्या पायरीच्या वहीत आत्ताच लिहा.

विमानं ओझरहून. कोणत्या शहरांना थेट सेवा आहे हे दर हंगामाला बदलतं, म्हणून "बंगळुरूला थेट विमान आहे" एवढ्या भरवशावर महिन्याचं नियोजन करू नका. शहरात सिटीलिंकच्या बस २०२१ पासून धावतात, नाशिक रोडला जायला त्या बऱ्या पडतात. मेट्रो निओ म्हणजे टायरवर चालणारी मेट्रो, तिच्यासाठी २०२१ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात दोन हजार ब्याण्णव कोटी जाहीर झाले होते. ती अजून आलेली नाही, आणि तिच्या मार्गावर आहे म्हणून कुणी जास्त भाव सांगत असेल तर देऊ नका.

नववी पायरी: माणसं

घरून काम करणाऱ्याला नाशिकमध्ये पहिले सहा महिने एकटं वाटतं. मला वाटलं होतं. दिवसभर हेडफोनमध्ये बंगळुरूची माणसं आणि खिडकीबाहेर आपल्याला न ओळखणारी गल्ली. नीता म्हणजे नाशिक इन्फर्मेशन टेक्नॉलॉजी असोसिएशनच्या कार्यक्रमांना जा. टीसीएस फाउंडेशनचं डिजिटल इम्पॅक्ट स्क्वेअर हे नव्या कल्पनांवर काम करणाऱ्या तरुणांचं केंद्र इथं आहे. त्याची मुळं २०१५ च्या कुंभासाठी भरलेल्या कुंभथॉन या तंत्रज्ञान शिबिरांमध्ये आहेत, आणि अमेरिकेतल्या एमआयटीचे रमेश रासकर, जे मूळ नाशिकचे, ते त्यामागे होते. गर्दी मोजणं, हरवलेली माणसं शोधणं, आरोग्य, असे गावाचे प्रश्न घेऊन तरुण पोरं तिथं बसली होती. तुमच्या हातात दहा वर्षांचं कसब आहे. के. के. वाघ, संदीप, मेट अशा कॉलेजांतून दर वर्षी शेकडो पोरं बाहेर पडतात आणि पहिल्या नोकरीसाठी पुणे गाठतात. महिन्यातली एक शनिवार दुपार त्यांना द्या. मी देते. तिथं भेटलेली दोन मुलं आज माझ्याच टीमबरोबर सिडकोतून काम करतात.

लहान कंपनी घेऊन येणाऱ्यांसाठीही हेच. अंबडला एमआयडीसीनं आयटीसाठी बांधलेली इमारत कितीतरी वर्षं वापराविना पडून राहिली, कारण इमारत होती आणि कामाची माणसं नव्हती. आधी चार माणसं तयार करा, मग जागा घ्या.

सणांचं एक सांगते. नाशिकला रंग धुळवडीला नाही, रंगपंचमीला खेळतात, जुन्या नाशकातल्या पेशवेकालीन रहाडी, म्हणजे रंगाचे हौद, उघडतात. सुट्टीचा अर्ज त्या दिवसाचा टाका.

दहावी पायरी: सिंहस्थ धरून तारीख ठरवा

आत्ता येत असाल तर हे सगळ्यांत निकडीचं. ३१ ऑक्टोबर २०२६ ला ध्वजारोहण होऊन सिंहस्थ सुरू होतो आणि मुख्य स्नानं ऑगस्ट-सप्टेंबर २०२७ मध्ये आहेत. तोवर रस्ते खोदलेले असणार, पूल आणि वळणं बदलत राहणार. आज बघितलेला वीस मिनिटांचा रस्ता पुढच्या महिन्यात चाळीस मिनिटांचा होऊ शकतो.

या तयारीतच तपोवनातली झाडं तोडण्याचा विषय आला आणि २०२५ च्या अखेरीस नाशिककर रस्त्यावर उतरले. मीही गेले होते. बंगळुरूतले तलाव बुजताना मी आठ वर्षं बघितले आणि तेव्हा माझं तिथं कुणी ऐकणारं नव्हतं. इथं नव्यानं येणाऱ्यांनीही अशा वेळी घरात बसू नये, एवढी माझी विनंती आहे.

सामान हलवायचं असेल तर जून २०२७ च्या आधी हलवा, नाहीतर सरळ दसऱ्यानंतर. ऑगस्ट-सप्टेंबरच्या पर्वणीच्या आठवड्यात ट्रक शहराबाहेरच अडकेल. पंचवटीत किंवा जुन्या नाशकात घर घेतलं असेल तर त्या दिवसांसाठी आठवड्याचा किराणा, औषधं आणि गॅसची भरलेली टाकी घरात हवी, आणि कंपनीला आधीच कळवून ठेवा की त्या तारखांना तुम्ही ऑफिसला येऊ शकणार नाही. घर ठरवताना घरमालकाला हेही विचारा, की कुंभाच्या दोन महिन्यांत घर पाहुण्यांना भाड्यानं द्यायचा त्यांचा विचार आहे का. उत्तर "बघू" असं आलं तर करारात ते दोन महिने स्पष्ट लिहून घ्या, आणि लिहायला तयार नसतील तर दुसरं घर बघा.

ट्रक शक्यतो मंगळवारी किंवा बुधवारी सकाळी पोचेल असा धरा. शनिवार-रविवार मुंबईकडून येणारी गर्दी असते. पोचल्याच्या संध्याकाळी पहिल्यांदा राउटर लावा, मग गॅस, मग बादल्या भरून ठेवा. शेजारच्या काकूंना नाव सांगून या, त्यांचा नंबर घ्या. रात्री स्वयंपाक करू नका. जो भाग निवडला असेल तिथल्या कोपऱ्यावरच्या गाडीवर जा आणि गाडीवाल्या दादाला विचारा, उद्या नळाला पाणी किती वाजता येतं.